विश्लेषण: सगळ्या बेस गिटारी एकसारख्याच का दिसतात? नक्कल कुठे संपते आणि बनावट माल कुठे सुरू होतो?

ऑनलाइन दुकानात ‘बेस गिटार’ असं टाकून शोधलं की एक गोष्ट लगेच लक्षात येते. कंपन्या डझनभर, पण गिटारीचा आकार जवळपास एकच. वरच्या बाजूला दोन असमान शिंगं, मधे कंबर, चार जाड तारा आणि तारांच्या खाली काळ्या रंगाचे एक-दोन पिकअप. यातली एक पंधरा-वीस हजारांत मिळते, तर दुसरी लाखाच्या पुढे जाते.

मग घेणाऱ्याला प्रश्न पडतो. स्वस्तातली ही गिटार चोरीच्या डिझाइनची आहे का? ती घेणं बेकायदा आहे का? आणि तसं असेल, तर मूळ कंपनी गप्प का बसली आहे?

हाच प्रश्न जून २०२४ मध्ये अमेरिकेतल्या एका न्यायालयात वेगळ्या रूपात पोहोचला. तिथे वाद गिटारीचा नव्हता, पायाने दाबायच्या एका छोट्या इफेक्ट पेडलचा होता. ‘क्लॉन सेंटॉर’ हे पेडल बनवणारे बिल फिनेगन यांनी ‘बेरिंगर’ या बड्या कंपनीविरुद्ध दावा दाखल केला. बेरिंगरने ‘सेंटॉर ओव्हरड्राइव्ह’ नावाचं, तसंच दिसणारं पेडल ६९ डॉलरला बाजारात आणलं होतं. मूळ पेडल जुन्या बाजारात हजारो डॉलरना विकलं जातं.

बेस गिटार, पिकअप आणि पेडल यांच्या बाजारात नक्कल ही रोजची गोष्ट आहे. पण कुठली नक्कल चालते, कुठली चालत नाही आणि घेणाऱ्याने काय पाहायचं, हे फारसं कुणी सांगत नाही.

बेस गिटारीचा आकार आला कुठून?

तबल्यात डग्ग्याचं जे काम, तेच बँडमध्ये बेसचं. गाण्याला खालून आधार देणारे खर्जातले सूर तोच वाजवतो. १९५० पर्यंत हे काम मुख्यतः डबल बेस करायचा. माणसापेक्षा उंच असलेलं हे लाकडी वाद्य बसमधून नेणं कठीण, आणि ड्रम जोरात वाजू लागले की त्याचा आवाज ऐकूच यायचा नाही.

१९५१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन इथे लिओ फेंडर यांनी ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणली. भरीव लाकडाची बॉडी, गळ्यात अडकवता येईल असा आकार आणि मानेवर धातूच्या पट्ट्या, म्हणजे फ्रेट. डबल बेसला फ्रेट नसतात, त्यामुळे सूर बोटाच्या अंदाजावर धरावा लागतो. इथे फ्रेटमुळे सूर अचूक लागायचा, म्हणून नाव ‘प्रिसिजन’. तारेच्या वाजत्या भागाची लांबी ३४ इंच ठेवली होती. आजही बहुतेक बेस गिटारींची लांबी तीच असते.

याआधी इलेक्ट्रिक बेस झालीच नव्हती, असं नाही. सिएटलच्या पॉल टुटमार्क यांनी १९३० च्या दशकातच ‘ऑडिओव्हॉक्स’ या नावाने फ्रेट असलेली इलेक्ट्रिक बेस विकली होती, पण ती चालली नाही. फेंडरची चालली. १९५७ मध्ये तिला दोन तुकड्यांत विभागलेला पिकअप मिळाला आणि १९६० मध्ये त्याच कंपनीने दोन पिकअपची ‘जॅझ बेस’ आणली. आज बाजारात दिसणाऱ्या बहुतांश बेस गिटारी या दोनपैकी एकीच्या, किंवा दोघींच्या मिश्रणाच्या वळणावर बनलेल्या असतात.

एका गिटारीवर किती प्रकारचे हक्क असतात?

‘कॉपीराइट आहे का?’ असा प्रश्न सरसकट विचारला जातो. प्रत्यक्षात एकाच वाद्यावर चार वेगवेगळे कायदे लागू होऊ शकतात.

पहिलं पेटंट. एखादी गोष्ट नव्या पद्धतीने काम करत असेल, तर त्या कार्यपद्धतीवर हक्क मिळतो. मुदत आज साधारण सगळीकडे अर्ज केल्यापासून २० वर्षं. ती संपली की ती युक्ती सगळ्यांची होते.

दुसरं डिझाइन. वस्तूच्या बाह्य रूपावर नोंदणी करता येते. भारतात ही मुदत १० वर्षं असून ती आणखी ५ वर्षं वाढवता येते.

तिसरं ट्रेडमार्क. नाव, लोगो, आणि कधी कधी आकार किंवा रंगसुद्धा, जर तो पाहताच ग्राहकाला विशिष्ट कंपनी आठवत असेल तर. भारतात दर १० वर्षांनी नूतनीकरण करत राहिलं, तर हा हक्क कधीच संपत नाही.

चौथं कॉपीराइट. चित्र, लेखन, संगीत आणि संगणकाचा प्रोग्राम यांवरचा हक्क.

यातली मेख अशी की पेटंट आणि डिझाइन यांना शेवटची तारीख असते, ट्रेडमार्कला नसते. त्यामुळे पेटंट संपलेल्या जुन्या वस्तूचा आकारच ट्रेडमार्क म्हणून नोंदवून घ्यायचा, हा मोह मोठ्या कंपन्यांना होतो.

फेंडरने हा प्रयत्न केला तेव्हा काय झालं?

विभागलेल्या पिकअपचं पेटंट लिओ फेंडर यांना १९६१ मध्ये मिळालं होतं. तेव्हाच्या अमेरिकी कायद्यानुसार मुदत मंजुरीपासून १७ वर्षं होती, म्हणजे १९७८ मध्ये तो हक्क संपला.

२००३ मध्ये फेंडर कंपनीने तीन बॉडींचे आकार ट्रेडमार्क म्हणून नोंदवण्यासाठी अर्ज केले. स्ट्रॅटोकास्टर, टेलिकास्टर आणि प्रिसिजन बेस. हे अर्ज मंजूर झाले असते, तर जगभरातल्या शेकडो उत्पादकांना अमेरिकेत माल विकणं अवघड झालं असतं.

विरोधात उभे राहिले स्टुअर्ट स्पेक्टर. ते स्वतः नावाजलेल्या बेस गिटारी बनवणारे. त्यांच्यासोबत इतर अनेक गिटार कंपन्याही आल्या. २५ मार्च २००९ रोजी अमेरिकी ट्रेडमार्क कार्यालयाच्या अपील मंडळाने फेंडरच्या विरोधात निकाल दिला.

कारण साधं होतं. कित्येक दशकं असंख्य कंपन्या हेच आकार बनवत होत्या, जाहिरातीत छापत होत्या आणि फेंडरने त्यांना आकारावरून रोखलं नव्हतं. त्यामुळे हा आकार पाहून ग्राहकाला ‘फेंडर’ हीच एक कंपनी आठवते, असं म्हणता येणार नाही. त्याला फक्त ‘बेस गिटार’ आठवते. कायद्याच्या भाषेत तो आकार सर्वसामान्य झाला होता.

मात्र नावं फेंडरचीच राहिली. ‘प्रिसिजन बेस’ आणि ‘जॅझ बेस’ ही शब्दचिन्हं आणि मानेच्या टोकाचा, म्हणजे हेडस्टॉकचा विशिष्ट आकार आजही कंपनीच्या मालकीचा आहे. म्हणूनच इतर कंपन्या ‘पी-टाइप’, ‘जे-स्टाइल’ असे शब्द वापरतात आणि हेडस्टॉकला थोडं वेगळं वळण देतात. सुटे भाग विकणाऱ्या काही कंपन्या फेंडरकडून रीतसर परवाना घेऊन तोच हेडस्टॉक बनवतात.

थोडक्यात, बॉडी सगळ्यांची, डोकं आणि नाव फेंडरचं.

सगळ्या कंपन्यांना हाच न्याय लागला का?

नाही. गिब्सन कंपनीची कहाणी वेगळी आहे. जून १९७७ मध्ये गिब्सनच्या तेव्हाच्या मालक कंपनीने ‘आयबानेझ’च्या अमेरिकी वितरकाविरुद्ध दावा केला. मुद्दा बॉडीचा नव्हता, हेडस्टॉकच्या आकाराचा होता. प्रकरण तडजोडीत मिटलं. पण त्या काळातल्या जपानी नकलांना जुन्या बाजारात आजही ‘लॉसूट गिटार’ म्हणतात आणि त्यासाठी जादा पैसे मागितले जातात. गंमत म्हणजे तसं लेबल लागलेल्या बहुतेक गिटारींचा त्या दाव्याशी काहीही संबंध नसतो.

२००५ मध्ये ‘पीआरएस’ कंपनीविरुद्धच्या खटल्यात गिब्सन अपिलात हरली. पुढे ‘डीन’ ब्रँडच्या मालकांविरुद्धच्या खटल्यात २०२२ मध्ये ज्युरीने गिब्सनच्या बाजूने कौल दिला. जुलै २०२४ मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल बाजूला ठेवून फेरसुनावणीचा आदेश दिला. इतर कंपन्या हे आकार पूर्वीपासून वापरत होत्या, याचे जुने पुरावे ज्युरीसमोर येऊ दिले नव्हते, हे त्याचं कारण. २०२५ च्या फेरसुनावणीत ज्युरीने फ्लाइंग व्ही आणि एक्सप्लोरर यांसारख्या आकारांवर पुन्हा गिब्सनला साथ दिली, पण ‘ईएस’ हा पोकळ बॉडीचा आकार मात्र सर्वसामान्य झाल्याचं मानलं.

एकाच कंपनीचे दोन आकार आणि दोन वेगळे निकाल. यावरून दिसतं की ‘मूळ डिझाइन कुणाचं’ एवढं सिद्ध करून भागत नाही. तो आकार कंपनीने किती वर्षं आणि किती जागरूकपणे राखला, हेही न्यायालय तपासतं.

नकलांमुळे मूळ कंपनीचं नुकसानच झालं का?

१९७० च्या दशकात जपानमध्ये टोकाई, ग्रेको, फर्नांडिस अशा ब्रँडच्या गिटारी इतक्या चांगल्या बनू लागल्या की अमेरिकी कंपन्यांना घाम फुटला. त्याच काळात फेंडरची मालकी सीबीएस या प्रसारण कंपनीकडे होती. १९६५ मध्ये १ कोटी ३० लाख डॉलरना हा व्यवहार झाला होता आणि नंतरच्या वर्षांत फेंडरचा दर्जा घसरल्याची तक्रार वादक करत होते.

१९८२ मध्ये फेंडरने जपानमध्येच उत्पादन सुरू केलं आणि ‘स्क्वायर’ हा स्वतःचा स्वस्त ब्रँड आणला. म्हणजे नकलांना उत्तर म्हणून कंपनीने स्वतःच स्वतःची नक्कल विकायला सुरुवात केली. आज भारतात अनेक शिकाऊ वादकांची पहिली ‘खरी’ बेस स्क्वायरचीच असते.

स्वतः लिओ फेंडर यांची कहाणी याहून बोलकी आहे. कंपनी विकल्यावर नावही गेलं. पुढे त्यांनी ‘म्युझिक मॅन’मध्ये काम केलं आणि तिथे १९७६ ची ‘स्टिंगरे’ बेस आली. त्यानंतर त्यांनी ‘जी अँड एल’ सुरू केली. बेस गिटार घराघरांत नेणारा माणूस आपल्याच नव्या बेस गिटारीच्या हेडस्टॉकवर ‘फेंडर’ असा लोगो लावू शकत नव्हता. शोध कुणाचा आणि नाव कुणाचं, या दोन गोष्टी कायद्यात किती वेगळ्या आहेत, हे यातून कळतं.

पिकअपच्या बाबतीत काय नियम?

पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती हजारो वेढ्यांची बारीक तांब्याची तार. पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत सूक्ष्म वीज तयार होते. ती अ‍ॅम्प्लिफायरकडे जाते. प्रिसिजनच्या विभागलेल्या पिकअपमध्ये दोन गुंडाळ्या एकमेकींच्या उलट जोडलेल्या असतात, त्यामुळे घरातल्या विजेची ‘हम्म’ अशी घरघर आपोआप कापली जाते. जॅझ बेसमध्ये हे तेव्हाच घडतं, जेव्हा दोन्ही पिकअपचा आवाज सारखा ठेवलेला असतो. एकच पिकअप चालू ठेवला की घरघर परत येते.

ही सगळी युक्ती आज कुणीही वापरू शकतं. पण डिमार्झिओ या अमेरिकी कंपनीकडे एक मजेदार हक्क आहे. गिटारीच्या जोड-पिकअपमध्ये दोन्ही गुंडाळ्या मलईच्या रंगाच्या असणं, हा अमेरिकेत तिचा ट्रेडमार्क आहे. म्हणून इतर अमेरिकी कंपन्या तसेच पिकअप काळ्या किंवा काळ्या-मलई मिश्र रंगात विकतात. पिकअपचं काम मोकळं आहे आणि एक रंगसंगती मात्र कुलूपबंद आहे.

मग क्लॉन पेडलचा वाद नेमका कशावर होता?

क्लॉन सेंटॉर १९९४ च्या अखेरीस आलं. फिनेगन यांनी सुमारे ८ हजार पेडल बनवली आणि मग उत्पादन थांबवलं. आतलं सर्किट कुणाला दिसू नये म्हणून त्यांनी त्यावर काळं राळेसारखं रसायन ओतलं होतं. पेटंट घेतलेलं नव्हतं.

लोकांनी ते रसायन खरवडून सर्किट उलगडलं. त्यानंतर डझनभर कंपन्यांनी तेच सर्किट आपापल्या नावाने विकलं. त्यांच्यावर कायदेशीर गदा आली नाही, कारण पेटंट नसलेल्या सर्किटची जोडणी वापरायला कायद्याने आडकाठी नाही. सर्किटचं छापील चित्र कॉपीराइटखाली येऊ शकतं. चालणारं सर्किट येत नाही.

बेरिंगरविरुद्धच्या दाव्याचा गाभा सर्किट नव्हताच. ‘सेंटॉर’ हे नाव, तेच रंगरूप आणि त्यामुळे ‘हे क्लॉनच्या संमतीने बनलं असावं’ असा होणारा गैरसमज, हा आक्षेप होता. पुढे बेरिंगरचं हे पेडल ‘सेंटारा’ या बदललेल्या नावाने आणि बदललेल्या रूपात आलं.

बेरिंगरसाठी हा पहिला अनुभव नव्हता. २००५ मध्ये ‘बॉस’ पेडल बनवणाऱ्या रोलंड कंपनीनेही पेडलच्या दिसण्यावरून दावा केला होता. तो तडजोडीत मिटला आणि बेरिंगरने पेडलचं रूप बदललं. आतला आवाज तसाच ठेवून बाहेरचा डबा बदलणं, हाच या धंद्यातला सर्वमान्य तोडगा झाला आहे.

डिजिटल पेडल मात्र वेगळी. त्यांच्या आत सॉफ्टवेअर असतं आणि त्याला कॉपीराइटचं पूर्ण संरक्षण आहे. दुसऱ्याचा कोड उचलून आपल्या डब्यात टाकणं, ही सरळ चोरी ठरते. त्याच आवाजासाठी स्वतः नव्याने कोड लिहिणं चालतं.

भारतात हे प्रकरण आलं तर?

भारताचा १९९९ चा ट्रेडमार्क कायदा आकाराच्या नोंदणीबाबत सावध आहे. वस्तूच्या स्वरूपामुळेच आलेला, तांत्रिक कामासाठी आवश्यक असलेला किंवा वस्तूला भरीव मूल्य देणारा आकार ट्रेडमार्क म्हणून नोंदवता येत नाही. बेस गिटारीची शिंगं पट्टा अडकवायला आणि वरच्या फ्रेटपर्यंत हात पोहोचायला उपयोगी असतात. त्यामुळे अशा आकारावर कायमची मक्तेदारी मिळवणं इथे सोपं नाही.

कॉपीराइटचा रस्ताही अरुंद आहे. डिझाइन कायद्याखाली नोंदवता येण्याजोगं रूप नोंदवलंच नाही आणि त्यावरून यंत्राने ५० पेक्षा जास्त नग बनवले, तर त्या रूपावरचा कॉपीराइट संपतो. एप्रिल २०२५ मध्ये ‘क्रायोगॅस विरुद्ध आयनॉक्स’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कलात्मक कृती आणि औद्योगिक डिझाइन यांतला फरक कसा ओळखायचा, याची कसोटी सांगितली. ते प्रकरण वायू वाहून नेणाऱ्या टँकरच्या आराखड्यांचं होतं, पण तत्त्व कारखान्यात बनणाऱ्या कुठल्याही वस्तूला लागू पडेल.

खोटं नाव लावण्याबाबत मात्र कायदा कडक आहे. बनावट ट्रेडमार्क लावणं किंवा तसा माल विकणं यासाठी ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंडाची तरतूद आहे. परदेशातून मागवलेला बनावट माल २००७ च्या नियमांनुसार सीमाशुल्क विभाग अडवू शकतो. म्हणजे स्वस्तात मिळाली म्हणून मागवलेली खोट्या लोगोची गिटार बंदरावरच अडकू शकते आणि पैसे परत मिळवायला विक्रेता सापडेलच असं नाही.

आपल्या गिटारीत बदल केले तर चालतं का?

चालतं. गिटार विकत घेतली की ती तुमची. पिकअप बदला, मान बदला, बॉडी रंगवा. एक गोष्ट तेवढी टाळायची. साध्या गिटारीच्या हेडस्टॉकवर ‘फेंडर’चं स्टिकर लावून ती विकायची नाही. स्वतःच्या खोलीत हौस म्हणून लावलेलं स्टिकर गिटार विकताना फसवणुकीचं साधन होतं. पहिल्या मालकाने ‘गंमत म्हणून लावलंय’ असं सांगितलेलं असतं. तिसऱ्या मालकापर्यंत ती गिटार ‘अमेरिकन’ होऊन पोहोचते.

नकलांमुळे एक मोठा फायदा मात्र झाला. सगळ्यांनी एकच आराखडा धरल्याने सुटे भाग एकमेकांना बसू लागले. पी-टाइप बेसचा पिकअप बहुतेक पी-टाइप बेसमध्ये बसतो. तरी मागवण्याआधी फूटपट्टी घ्यायलाच हवी.

जॅझच्या मूळ आराखड्यात ब्रिजकडचा पिकअप मानेकडच्या पिकअपपेक्षा सुमारे ३ मिलिमीटर लांब असतो. काही स्वस्त गिटारींत दोन्ही सारख्याच लांबीचे असतात. पाच तारांच्या बेसमध्ये तर एकच एक माप नाही. आवाजाच्या नॉबखालच्या पोटेन्शियोमीटरचं भोकही वेगळं असतं. अमेरिकी मापाचा भाग लहान भोकात बसवायला ते मोठं करावं लागतं. साध्या पिकअपला साधारणपणे २५० किलोओहमचे पोटेन्शियोमीटर लागतात. बॅटरीवर चालणाऱ्या काही पिकअपला २५ किलोओहमचे लागतात. मूल्यं चुकली तर नवा महागडा पिकअपही बसका वाजतो.

काढलेले मूळ भाग जपून ठेवावेत. विकताना तेच भाग परत लावता येतात आणि बदल लपवायची वेळ येत नाही.

स्वस्त आणि महाग बेसची तुलना कशी करायची?

नावाआधी मान पाहावी. ती सरळ आहे का, आतली लोखंडी सळई, म्हणजे ट्रस रॉड, फिरते का, फ्रेटच्या कडा बोटाला टोचतात का, प्रत्येक फ्रेटवर सूर सारखा टिकतो का. गळ्यात अडकवल्यावर हेडस्टॉक खाली झुकतो का. तारा पिळायच्या खुंट्या सूर धरून ठेवतात का. हे दोष नंतर काढणं महाग पडतं. पिकअप मात्र सोल्डरिंग जमणारा माणूस तासाभरात बदलू शकतो. त्यामुळे ‘पिकअप साधा, मान उत्तम’ अशी गिटार ‘पिकअप नामांकित, मान वाकडी’ अशा गिटारीपेक्षा कधीही चांगली.

नवीन पिकअपवर पैसे घालण्याआधी नव्या तारा आणि जाणकार कारागिराकडून एकदा सेटअप करून घ्यावा. बऱ्याचदा निम्मी तक्रार तिथेच मिटते.

पेडल घेताना गिटारीसाठी बनलेली ओव्हरड्राइव्ह पेडल बेसवर खर्ज खाऊन टाकतात, हे लक्षात ठेवावं. मूळ स्वच्छ आवाज मिसळायचा ‘ब्लेंड’ नॉब असेल तर बेस टिकतो. क्लॉनचं सर्किट बेसवादकांना आवडतं, त्याचंही एक कारण हेच. त्यात स्वच्छ आवाज आतच मिसळलेला असतो. अ‍ॅडॉप्टर जोडण्याआधी पेडलवर छापलेली व्होल्टेजची आणि ध्रुवाची खूण बघावी. बहुतेक पेडलना ९ व्होल्ट आणि मधला टोक ऋण असलेला अ‍ॅडॉप्टर लागतो. उलटा लावला तर पेडल जळू शकतं.

जुन्या बाजारात फसवणूक कशी ओळखायची?

हेडस्टॉकवर मोठं नाव असेल तर अनुक्रमांक मागावा आणि कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावर किंवा अधिकृत विक्रेत्याकडे पडताळावा. नुसता क्रमांक जुळणं पुरेसं नाही, कारण खरा क्रमांक दुसऱ्या गिटारीवर कोरता येतो. मॉडेल, वर्ष, रंग आणि उत्पादनाचा देश त्या क्रमांकाशी जुळतात का, ते बघावं. शक्य असेल तर विक्रेत्याच्या परवानगीने मान उघडून आतले शिक्के पाहावेत. पिकअपच्या पोकळीतली तारांची जोडणीही बरंच सांगते. ‘बिल हरवलं, डबा नाही, आजच घ्या’ असा आग्रह असेल, तर थांबावं.

दुकानाने बनावट माल दिला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बनावट मालाची विक्री शिक्षापात्र आहे. खासगी व्यक्तीकडून जुनी वस्तू घेतली असेल, तर ग्राहक कायद्याचा आधार सहसा मिळत नाही. तिथे पोलिसात फसवणुकीची तक्रार हाच मार्ग उरतो. म्हणून विक्रेत्याने काय सांगितलं होतं, ते लेखी संदेशात मागून ठेवावं.

मग नुकसान कुणाचं होतं?

नकलांचा फायदा उघड आहे. त्या नसत्या, तर बेस गिटार आजही मोजक्या लोकांचं वाद्य राहिलं असतं. कॉलेजच्या बँडमध्ये बेस वाजवणाऱ्या मुलीला जुन्या बाजारातल्या महागड्या वाद्याची वाट बघत बसावं लागत नाही, याचं श्रेय संपलेल्या पेटंटना आणि २००९ च्या त्या निकालाला जातं.

दुसरी बाजूही खरी आहे. सत्तर वर्षांपूर्वीच्या आराखड्याची नक्कल झाल्याने फेंडरसारखी कंपनी बुडत नाही. पण एकट्याने पेडल बनवणाऱ्या कारागिराने पाच वर्षं घालून एखादं सर्किट जमवलं आणि पुढच्या वर्षी ते दहापट स्वस्तात कारखान्यातून बाहेर पडलं, तर त्याच्याकडे पेटंटचा खर्च पेलण्याइतके पैसे नसतात आणि खटला लढण्याइतके तर त्याहून नसतात. त्याच्याजवळ उरतं ते एकच, त्याचं नाव. फिनेगन लढले ते याच नावासाठी.

म्हणून स्वतःच्या नावाने विकलेली नक्कल आणि दुसऱ्याच्या नावाने विकलेली नक्कल, यांत घेणाऱ्यानेही फरक करायला हवा. पहिलीने वाद्य स्वस्त होतं. दुसरीने घेणारा फसतो आणि बनवणाऱ्याच्या हातातली शेवटची गोष्टही जाते. बेस गिटार घ्यायला निघताना किंमत आणि आवाज तर बघालच. सोबत हेडस्टॉकवर लिहिलेलं नाव ती बनवणाऱ्याचंच आहे ना, तेवढंही तपासा.